विश्लेषण : कार्डवरून पैसे गेले, आता पुढे काय? क्रेडिट कार्डधारकाचे हक्क आणि हातकणंगल्यातूनच दाद मागण्याचा मार्ग

क्रेडिट कार्डच्या बिलात न केलेली खरेदी दिसली, ऑनलाइन मागवलेली वस्तू आलीच नाही किंवा नको असलेले कार्ड बंद होईना, की बहुतेक ग्राहक आधी गावातल्या बँक शाखेत जातात. तिथे अनेकदा 'कार्डचे काम इथे होत नाही, कस्टमर केअरला फोन करा' एवढेच उत्तर मिळते. फोनवर कधी हा आकडा दाबा, कधी तो दाबा, यात दिवस जातात. मात्र कार्डच्या तक्रारीत जाणारा प्रत्येक दिवस ग्राहकाच्या खिशाशी जोडलेला असतो. काही हक्क तीन दिवसांत, काही सात दिवसांत, तर काही महिन्याभरात बजावावे लागतात.

हातकणंगले तालुक्यात हा प्रश्न आता फक्त पगारदारांचा राहिलेला नाही. इचलकरंजीचे यंत्रमागधारक, हुपरीचे चांदी व्यावसायिक, शिरोली औद्योगिक वसाहतीत जाणारे तरुण कामगार, पेठ वडगावच्या बाजारपेठेतील दुकानदार अशा साऱ्यांपर्यंत क्रेडिट कार्ड पोहोचले आहे. कार्ड देणाऱ्या कंपन्यांची कार्यालये मात्र मुंबई, गुरुग्राम किंवा चेन्नईत. 'एवढ्या लांब कोण भांडत बसणार?' या विचाराने अनेक जण नुकसान सोसून गप्प बसतात. प्रत्यक्षात त्यासाठी तालुका सोडण्याचीही गरज नसते. हक्क कोणते, ते कुठल्या नियमाने मिळतात आणि दाद कुठे मागायची, हे समजून घेऊ.

कार्ड घासल्यावर पैसे नेमके कोणाचे जातात?

डेबिट कार्ड किंवा यूपीआयने पैसे दिले की ते त्याच क्षणी ग्राहकाच्या बचत खात्यातून जातात. क्रेडिट कार्डात तसे होत नाही. तिथे दुकानदाराला पैसे आधी बँकेकडून मिळतात आणि ग्राहक ते नंतर बिलाच्या तारखेप्रमाणे बँकेला देतो.

या व्यवहारात चार पक्ष असतात. ग्राहकाला कार्ड देणारी बँक, दुकानदाराला मशीन किंवा क्यूआर देणारी बँक, दोघींमध्ये निरोप आणि हिशेब पोहोचवणारे रुपे, व्हिसा, मास्टरकार्डसारखे जाळे आणि खुद्द दुकानदार. वाद झाला तर रक्कम याच वाटेने उलटी फिरवता येते.

क्रेडिट कार्डचा मोठा फायदा इथेच आहे. चुकीचा व्यवहार वेळेत पकडला तर ग्राहकाच्या घामाचा पैसा अजून गेलेला नसतो, वाद बिलावर असतो. बिल तयार झाल्यापासून ते भरायच्या तारखेपर्यंत किमान १४ दिवस मिळालेच पाहिजेत, असे रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या क्रेडिट कार्डविषयक निर्देशांत म्हटले आहे. बिल चुकीचे असल्याची तक्रार केल्यास कार्ड देणाऱ्या संस्थेने जास्तीत जास्त ३० दिवसांत स्पष्टीकरण आणि आवश्यक तिथे कागदोपत्री पुरावा द्यायचा असतो. एखाद्या व्यवहारावर 'फसवणूक' म्हणून हरकत घेतली असेल तर वाद मिटेपर्यंत त्या रकमेवर शुल्क लावता येत नाही.

याचा अर्थ पूर्ण बिल थकवावे असा मात्र नाही. वाद असलेला व्यवहार लेखी कळवायचा आणि बाकीची रक्कम वेळेत भरायची, हा सुरक्षित मार्ग आहे. सगळेच बिल अडवून धरले तर वाद नसलेल्या रकमेवर व्याज सुरू होते आणि सिबिल अहवालावर डागही पडू शकतो.

न केलेला व्यवहार दिसला तर किती वेळ मिळतो?

याचे उत्तर रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात आहे. डिसेंबर २०१७ मध्ये सहकारी बँकांसाठीही असेच परिपत्रक निघाले. सहकारी बँकांवर मोठी भिस्त असलेल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या दृष्टीने हे महत्त्वाचे आहे, कारण त्यात डेबिट कार्ड आणि ऑनलाइन व्यवहारही येतात. या परिपत्रकाने नुकसान कोणी सोसायचे याची विभागणी केली आहे.

पहिला प्रकार, चूक बँकेची. बँकेचा निष्काळजीपणा किंवा यंत्रणेतील त्रुटी असेल तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. त्याने तक्रार केली की नाही, यानेही फरक पडत नाही.

दुसरा प्रकार, चूक ना बँकेची ना ग्राहकाची, मधल्याच कुठल्या तरी यंत्रणेत गळती झाली. अशा वेळी व्यवहाराचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवले तर ग्राहकाला एक रुपयाही सोसावा लागत नाही. चार ते सात दिवसांत कळवले तर जबाबदारी मर्यादित राहते. पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डसाठी ती जास्तीत जास्त १० हजार रुपये आणि त्याहून मोठ्या मर्यादेच्या कार्डसाठी २५ हजार रुपये आहे. व्यवहाराची रक्कम यापेक्षा कमी असेल तर तेवढीच. सात दिवस उलटले की त्या बँकेच्या संचालक मंडळाने ठरवलेले धोरण लागू होते.

तिसरा प्रकार, चूक ग्राहकाची. ओटीपी, पिन कोणाला सांगितला तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचेच. पण बँकेला कळवल्यानंतर जे काही जाईल ते बँकेने सोसायचे. म्हणूनच 'चूक माझीच आहे, आता सांगून काय उपयोग' असे म्हणून थांबणे महागात पडते. पहिला ओटीपी गेल्यावर लगेच कार्ड ब्लॉक केले, तर पुढचे व्यवहार ग्राहकाच्या डोक्यावर बसत नाहीत.

दिवस कसे मोजायचे हेही ठरलेले आहे. मेसेज आला तो दिवस धरायचा नाही आणि ग्राहकाच्या मूळ शाखेचे कामकाजाचे दिवसच मोजायचे. समजा, मेसेज शुक्रवारी आला आणि दुसऱ्या दिवशी महिन्यातला दुसरा शनिवार आहे. शनिवार, रविवार सुट्टी. म्हणजे सोमवार, मंगळवार, बुधवार हे तीन दिवस हातात आहेत. तरीही कार्ड ब्लॉक करण्यासाठी सोमवारची वाट पाहू नये. ही सोय चोवीस तास ठेवणे बँकेवर बंधनकारक आहे.

कळवल्यानंतर बँकेने १० कामकाजाच्या दिवसांत वादातील रक्कम तात्पुरती खात्यात जमा दाखवायची असते आणि ९० दिवसांत तक्रार निकाली काढायची असते. क्रेडिट कार्डच्या बाबतीत या काळात ग्राहकावर व्याजाचा बोजा पडता कामा नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे. 'व्यवहार ओटीपीने झाला, विषय संपला' असे एका ओळीचे उत्तर आले तर ग्राहक या परिपत्रकाचा हवाला देऊन तपासाचा तपशील मागू शकतो.

कॉसमॉस प्रकरण काय सांगते?

कार्ड फसवणुकीचे जागतिक जाळे कोल्हापूरपासून लांब नाही, हे ऑगस्ट २०१८ मध्ये दिसले. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ११ आणि १३ ऑगस्टला सायबर हल्ला झाला आणि सुमारे ९४ कोटी रुपये लंपास झाले. बनावट डेबिट कार्ड वापरून २८ देशांतील एटीएममधून पैसे काढण्यात आले, काही रक्कम हाँगकाँगमधील खात्यात वळवण्यात आली. भारतातही सुमारे अडीच कोटी रुपये काढले गेले आणि ज्या शहरांतील एटीएम त्यासाठी वापरली गेली त्यात कोल्हापूरही होते. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवले.

या प्रकरणात हल्ला झाला तो बँकेच्या यंत्रणेवर. ग्राहकांच्या खात्यांतील पैसे सुरक्षित असल्याचे बँकेने तेव्हाच जाहीर केले होते. फटका ठेवीदारांऐवजी बँकेला बसला. वरच्या विभागणीतील पहिला प्रकार समजून घ्यायला हे उदाहरण पुरेसे आहे. यंत्रणा फोडली गेली तर त्याची किंमत कार्डधारकाने मोजायची नसते.

पैसे दिले, पण वस्तू आली नाही किंवा सदोष निघाली, तर?

ही फसवणूक नाही, कारण व्यवहार ग्राहकाने स्वतःच केलेला असतो. त्यामुळे २०१७ चे परिपत्रक इथे चालत नाही. अशा वेळी कामाला येतो तो 'चार्जबॅक'. वस्तू मिळाली नाही, वर्णनाप्रमाणे नव्हती, एकाच खरेदीचे पैसे दोनदा कापले गेले, ऑर्डर रद्द करूनही परतावा आला नाही अशा कारणांसाठी ग्राहक आपल्या बँकेला व्यवहारावर हरकत नोंदवायला सांगू शकतो. बँक ती हरकत जाळ्यामार्फत दुकानदाराच्या बँकेकडे पाठवते. दुकानदाराला पुरावा देण्याची संधी मिळते. त्याचे म्हणणे टिकले नाही तर पैसे परत फिरतात.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. ब्रिटनमध्ये १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याच्या कलम ७५ नुसार १०० पौंडांहून अधिक आणि ३० हजार पौंडांपर्यंतच्या खरेदीसाठी कार्ड कंपनी विक्रेत्याइतकीच जबाबदार असते. अमेरिकेतही चुकीच्या बिलाला आव्हान देण्याचा हक्क १९७४ पासून कायद्यात आहे आणि कार्डच्या अनधिकृत वापरासाठी ग्राहकावर जास्तीत जास्त ५० डॉलरचीच जबाबदारी येते. भारतात चार्जबॅक हा असा थेट कायद्याने दिलेला हक्क नाही. तो कार्ड जाळ्यांच्या नियमांवर आणि बँकांमधील करारांवर चालतो. म्हणून इथे कागद आणि वेळ दोन्ही जपावे लागतात. व्हिसा, मास्टरकार्डच्या अनेक प्रकारांत मुदत साधारण १२० दिवसांपर्यंत असते, पण ग्राहकाकडून तक्रार घेण्याची बँकेची स्वतःची मुदत त्याहून कमी असू शकते. विक्रेता 'उद्या पाठवतो, परवा पाठवतो' करत राहिला आणि ग्राहक थांबला, की मुदत संपते.

म्हणून आधी विक्रेत्याला लेखी तक्रार करावी. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ऑनलाइन विक्री करणाऱ्या मंचाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती सोडवायची असते. उत्तर समाधानकारक नसेल तर ऑर्डरचा तपशील, बिल, सदोष वस्तूचे फोटो, कुरिअरची नोंद आणि झालेला ईमेल व्यवहार जोडून बँकेकडे चार्जबॅकची मागणी करावी. फोनवर झालेले बोलणे पुरावा म्हणून फारसे उपयोगी पडत नाही. ईमेल पडतो.

पैसे कापले गेले पण दुकानदाराच्या मशीनवर किंवा संकेतस्थळावर व्यवहार पूर्णच झाला नाही, अशी तिसरी शक्यता असते. त्यासाठी रिझर्व्ह बँकेचे २० सप्टेंबर २०१९ चे परिपत्रक आहे. अशा फसलेल्या कार्ड व्यवहाराची रक्कम व्यवहारानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी. उशीर झाला तर प्रतिदिन १०० रुपये भरपाई आणि तीही ग्राहकाने न मागता मिळायला हवी.

'कार्ड दिले तर २ टक्के जादा' हे बरोबर आहे का?

मोबाइलच्या दुकानापासून सराफ पेढीपर्यंत हे वाक्य सर्रास ऐकू येते. दुकानदाराच्या बँकेला कार्ड व्यवहारामागे काही टक्के शुल्क द्यावे लागते, त्याला एमडीआर म्हणतात. तो धंद्याचा खर्च आहे. ५० हजारांच्या दागिन्यावर २ टक्के म्हणजे हजार रुपये. ते ग्राहकाकडून घेतले, की दुकानदाराचा खर्च ग्राहकाच्या माथी बसतो.

डेबिट कार्डबाबत नियम स्वच्छ आहे. दुकानदाराने असे जादा शुल्क घेणे मान्य नाही आणि तसे करणाऱ्याशी बँकेने संबंध तोडावेत, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच सांगितले. रुपे डेबिट कार्ड आणि भीम यूपीआयवर तर १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराला एमडीआरच नाही. क्रेडिट कार्डच्या एमडीआरवर रिझर्व्ह बँकेने कमाल मर्यादा घातलेली नाही. तिथे दुकानदार आणि त्याला मशीन देणारी बँक यांचा करार महत्त्वाचा ठरतो आणि शुल्क ग्राहकावर टाकू नये अशी अट त्यात सामान्यतः असते.

अशा वेळी ग्राहकाने जादा रक्कम बिलावर वेगळी लिहून मागावी. बरेचदा एवढ्यानेच विषय मिटतो, कारण कागदावर लिहून द्यायला कोणी तयार नसते. लिहून दिले तर तेच बिल जोडून आपल्या कार्ड बँकेकडे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. लहान दुकानदाराची अडचणही खरी आहे. पण त्याच्यासाठी मार्ग निघाला आहे. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते आणि त्यात लहान दुकानदाराला दोन हजार रुपयांपर्यंतच्या व्यवहारावर एमडीआर द्यावा लागत नाही.

'किमान रक्कम' भरली तर नेमके काय होते?

सर्वाधिक ग्राहक अडकतात ते इथे आणि यात कोणी भामटा नसतो. एक उदाहरण पाहू. एका ग्राहकाने ५ जूनला कार्डवर २० हजारांचा फ्रिज घेतला. बिल २० जूनला तयार झाले, भरायची तारीख १० जुलै. व्याजदर महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. १० जुलैला पूर्ण २० हजार भरले तर व्याज शून्य.

पण त्याने किमान रक्कम म्हणून १ हजार रुपयेच भरले. आता बिनव्याजी मुदत रद्द होते आणि व्याज १० जुलैऐवजी खरेदीच्या दिवसापासून, म्हणजे ५ जूनपासून धरले जाते. २० हजारांवर ३५ दिवसांचे व्याज सुमारे ८०५ रुपये. उरलेल्या १९ हजारांवर २० जुलैपर्यंत १० दिवसांचे आणखी सुमारे २१९ रुपये. एकूण १,०२४. त्यावर १८ टक्के जीएसटी सुमारे १८४ रुपये. म्हणजे १ हजार भरूनही २० जुलैच्या बिलात येणे दिसते सुमारे २०,२०८ रुपये. कर्ज कमी होण्याऐवजी २०८ रुपयांनी वाढले. शिवाय या काळात कार्डवर किराणा घेतला तरी त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागते.

हा दर फार आहे, म्हणून कायदा काही करत नाही का? हा प्रश्न न्यायालयात गेला होता. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ७ जुलै २००८ रोजी क्रेडिट कार्ड थकबाकीवर वार्षिक ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. व्याजदराचे नियमन हा रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतील विषय असल्याची भूमिका न्यायालयाने घेतली. थोडक्यात, ३० टक्क्यांची मर्यादा आता नाही. ग्राहकाचा बचाव एकच, पूर्ण बिल वेळेत भरणे. ते जमणार नसेल तर कमी दराचे वैयक्तिक कर्ज किंवा सोनेतारण काढून कार्ड मोकळे करणे अनेकदा स्वस्त पडते.

तरीही काही मर्यादा आहेत. तारीख उलटून तीन दिवसांहून अधिक झाल्याशिवाय विलंब शुल्क लावता येत नाही आणि थकबाकी सिबिलसारख्या संस्थांना कळवता येत नाही. विलंब शुल्क पूर्ण बिलावर न धरता फक्त थकलेल्या रकमेवरच घ्यायचे असते. न भरलेले शुल्क आणि कर मुद्दलात मिसळून त्यावर व्याज आकारता येत नाही. 'नो कॉस्ट ईएमआय'मध्येही मुद्दल, व्याज आणि सवलत वेगवेगळी दाखवणे बंधनकारक आहे. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये म्हटले होते. त्यामुळे हप्त्यावर घेण्याआधी रोखीचा भाव विचारावा. दोन्हींतला फरक म्हणजेच खरे व्याज.

न मागता आलेले कार्ड, बंद न होणारे कार्ड

ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय कार्ड देणे किंवा कार्डची मर्यादा वाढवणे नियमबाह्य आहे. न मागितलेले कार्ड सुरू करून बिल पाठवले तर बँकेने ते शुल्क रद्द करायचे आणि वर त्या रकमेच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यायचा. ५०० रुपयांची वार्षिक फी लावली असेल तर ती रद्द करून वर १ हजार रुपये. कार्ड हातात पडून ३० दिवसांहून अधिक काळ सुरू केले नसेल तर बँकेने ओटीपीद्वारे संमती घ्यावी लागते. ग्राहकाने ती दिली नाही तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड कोणताही खर्च न लावता बंद करायचे असते.

कार्ड बंद करण्याची विनंती केल्यावर सर्व येणे भरलेले असेल तर सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद झालेच पाहिजे. उशीर झाल्यास प्रतिदिन ५०० रुपये दंड ग्राहकाला मिळतो. मुदतीनंतर २० दिवस लावले तर १० हजार रुपये. हेल्पलाइन, ईमेल, ॲप, नेट बँकिंग अशा मार्गांनी विनंती घेतली गेली पाहिजे. पोस्टानेच अर्ज पाठवा, असा आग्रह धरता येत नाही.

वसुलीबाबतही हद्द आखलेली आहे. ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करता येत नाहीत. धमकी देणे, चारचौघांत अपमान करणे, घरच्यांना किंवा मित्रांना त्रास देणे निषिद्ध आहे. एजंटने तसे केले तरी जबाबदारी बँकेचीच.

चुकीच्या थकबाकीमुळे सिबिल अहवाल बिघडला तर पुढे घरकर्ज किंवा ट्रॅक्टरचे कर्ज अडू शकते. अशी तक्रार ३० दिवसांत सुटली नाही तर त्यापुढे प्रतिदिन १०० रुपये भरपाईची तरतूद एप्रिल २०२४ पासून लागू आहे.

हातकणंगल्यातून दाद कशी मागायची?

पहिली पायरी बँक. फसवणूक असेल तर आधी कार्ड ब्लॉक करावे, मग १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावे किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. बँकेकडून तक्रार क्रमांक घ्यावा आणि तोच मजकूर ईमेलनेही पाठवावा. इथली तारीखच पुढे सगळीकडे उपयोगी पडते.

दुसरी पायरी रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही, तक्रार फेटाळली किंवा उत्तर पटले नाही तर लोकपालाकडे जाता येते. शुल्क नाही, वकील लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर मोबाइलवरूनही तक्रार होते. ऑनलाइन जमत नसेल तर चंडीगड येथील केंद्राकडे टपालाने अर्ज पाठवता येतो. माहितीसाठी क्रमांक १४४४८. २०२१ च्या एकात्मिक लोकपाल योजनेत नुकसानीसाठी २० लाखांपर्यंत आणि मनस्ताप, वेळ व खर्चासाठी एक लाखापर्यंत भरपाई देण्याची तरतूद करण्यात आली.

तिसरी पायरी ग्राहक आयोग. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि ग्रामीण ग्राहकासाठी त्यातला सर्वांत मोठा बदल हा, की तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. कंपनी गुरुग्रामची असो वा मुंबईची, हातकणंगल्याच्या ग्राहकाची तक्रार कोल्हापूरच्या जिल्हा आयोगात दाखल होते. मोजलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. तक्रार ऑनलाइन दाखल करता येते, सुनावणीला दूरदृश्य प्रणालीने हजर राहण्याची मागणीही करता येते. मुदत घटनेपासून दोन वर्षे. शक्यतो तीन महिन्यांत निकाल द्यावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात याहून अधिक वेळ लागतो, याची तयारी ठेवलेली बरी.

यंत्रमागधारक किंवा छोट्या व्यावसायिकाला 'तुम्ही ग्राहक नाही, व्यापारी आहात' असे ऐकवले जाऊ शकते. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार म्हणून वस्तू किंवा सेवा घेणारा माणूस कायद्याच्या व्याख्येत ग्राहकच आहे. स्वतः माग चालवणाऱ्याने मागाची मोटार कार्डवर घेतली तर तो ग्राहक ठरतो. विकण्यासाठी माल भरणारा मात्र ठरत नाही.

एक खबरदारी. तीच तक्रार आधीच न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात असेल तर लोकपाल ती घेत नाही. त्यामुळे आधी लोकपाल, मग आयोग हा क्रम सोयीचा.

आजच करता येण्यासारखे काय?

बँकेच्या ॲपमध्ये कार्डचे ऑनलाइन, परदेशी आणि स्पर्शविरहित व्यवहार वेगवेगळे चालू-बंद करता येतात, प्रत्येकाची मर्यादा ठरवता येते. ऑक्टोबर २०२० पासून ही सोय सर्व बँकांना बंधनकारक आहे. परदेशी व्यवहार लागत नसतील तर बंद ठेवावेत. स्पर्शविरहित व्यवहारात पाच हजारांपर्यंत पिन लागत नाही, म्हणून ती मर्यादा कमी करून ठेवावी. ऑक्टोबर २०२२ पासून विक्रेत्यांना कार्डचा पूर्ण क्रमांक साठवता येत नाही, त्याऐवजी टोकन वापरले जाते. दर महिन्याला आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेची सूचना २४ तास आधी येते. ती वाचून नको असलेली वर्गणी तिथेच थांबवता येते. आणि बँकेत दिलेला मोबाइल क्रमांक बदलला असेल तर तो आधी अद्ययावत करावा. तीन दिवसांचे घड्याळ त्या क्रमांकावर येणाऱ्या मेसेजपासूनच सुरू होते.

लक्षात ठेवा

• न केलेला व्यवहार : तीन कामकाजाच्या दिवसांत कळवा
• बँकेकडून तात्पुरती जमा : १० कामकाजाच्या दिवसांत, निकाल ९० दिवसांत
• फसलेला व्यवहार : पाच दिवसांत परतावा, नंतर प्रतिदिन १०० रुपये
• कार्ड बंद करणे : सात कामकाजाचे दिवस, नंतर प्रतिदिन ५०० रुपये
• बँकेचे उत्तर नाही : ३० दिवसांनी लोकपाल
• ग्राहक आयोग, कोल्हापूर : दोन वर्षांची मुदत
• क्रमांक : सायबर फसवणूक १९३०, ग्राहक हेल्पलाइन १९१५, रिझर्व्ह बँक १४४४८